बाराव्या वर्षी दहावीची घाई कशासाठी?

प्रश्न : माझी मुलगी पाचवीत आहे आणि नववीच्या बीजगणिताची उदाहरणे स्वतःहून सोडवते. भांडुपमधील एका क्लासने तिला बाराव्या वर्षी दहावीला बसवण्याची तयारी दाखवली आहे. संधी सोडू नये, असे नातेवाईक म्हणतात. आम्ही काय करावे? – एक आई

उत्तर :

सप्रेम नमस्कार, ताई.

आपल्या मुलीची गती खरी आहे आणि तिला खाद्य मिळालेच पाहिजे. मात्र चार इयत्ता पुढे पळणे म्हणजे गणितात खोल जाणे नव्हे, आणि क्लास आपल्याला देऊ करत आहे ती केवळ पळापळ आहे, असे माझे स्पष्ट मत आहे.

तिला एक उदाहरण घालून पाहा : १ ते १०० मधून कोणत्याही ५१ संख्या निवडल्या, तर त्यांत लगतच्या दोन संख्या असणारच, हे सिद्ध कर. येथे पाठ केलेले सूत्र कामी येत नाही. १-२, ३-४ अशा ५० जोड्या पाडल्या, की ५१ संख्यांपैकी दोन एकाच जोडीत येणार, हे तिचे तिला सुचले पाहिजे. उत्तर सांगू नका, दोन-तीन दिवस जाऊ द्या. ती चिडून वही मिटते की जेवताना मध्येच उठून पुन्हा आकडे मांडते, यावरून तिच्या ओढीविषयी कोणत्याही गुणपत्रिकेपेक्षा अधिक कळेल.

ऑस्ट्रेलियाचे गणितज्ञ टेरेन्स टाओ यांचे उदाहरण आपल्याला कोणीतरी देईलच, म्हणून ते नीट पाहू. १९८६ मध्ये, दहाव्या वर्षी त्यांनी आंतरराष्ट्रीय गणित ऑलिंपियाड या शालेय विद्यार्थ्यांच्या जागतिक स्पर्धेत कांस्यपदक मिळवले, पुढच्या वर्षी रौप्य आणि १९८८ मध्ये सुवर्ण. पण शाळेत त्यांना सरसकट वर ढकलले नव्हते. गणित वरच्या वर्गात आणि इतर विषय ज्याच्या त्याच्या गतीने, अशी व्यवस्था होती. शिवाय पूर्णवेळ विद्यापीठात शिकू लागलेल्या विद्यार्थ्याला या ऑलिंपियाडमध्ये भाग घेता येत नाही, त्यामुळे शाळा घाईने संपवणे म्हणजे हे दार स्वतःच्या हाताने लावून घेणे होय.

आपल्याकडे या ऑलिंपियाडसाठीच्या निवडप्रक्रियेचे काम मानखुर्दचे होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र पाहते. पहिली चाळणी साधारणपणे आठवीपासून असते. अटी बदलतात, म्हणून त्या केंद्राच्या सूचनांवरूनच तपासाव्यात. तोपर्यंतची तीन वर्षे संख्यासिद्धांताची (विभाज्यता, मूळ संख्या अशा पूर्णांकांच्या गुणधर्मांची) सुरुवात, भूमिती आणि मोजणीचे प्रश्न यांना द्यावीत. भूमितीकडे विशेष लक्ष द्या. बीजगणितात झपाट्याने पुढे गेलेली मुले सिद्धता लिहिताना येथेच अडखळतात.

तिला पाचवीतच, मैत्रिणींमध्ये राहू द्या. वर्गशिक्षिकांना भेटून एवढेच मागा, की गणिताच्या तासाला तिने नेमून दिलेले काम आटोपल्यावर स्वतःची वही काढली तर चालेल का. बहुतेक बाई ही सवलत आनंदाने देतात. क्लासचे आगाऊ शुल्क मात्र भरू नका.