गेमर्सची संघटना हवी, पण कंपन्यांची पालखी वाहायला नको

तुम्ही विचारलंय, व्हिडिओ गेमवर सरकारी बंधनं येऊ नयेत म्हणून गेमर्सची स्वतःची संघटना हवी का, की कंपन्या लढतात तेवढं पुरे? नुसता विरोधच करायचा असेल तर नको. त्या कामाला कंपन्यांकडे वकीलही आहेत आणि पैसाही. अमेरिकेत कॅलिफोर्नियाने २००५ मध्ये १८ वर्षांखालच्या मुलांना हिंसक गेम विकायला बंदी केली, मोडली तर १,००० डॉलरपर्यंत दंड. सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये ७ विरुद्ध २ मतांनी तो कायदा रद्द केला. खटला चालवला विक्रेत्यांच्या आणि निर्मात्यांच्या संघटनांनी. खेळाडूंची संघटनाही होती, तिने पाठिंब्याचं निवेदन दिलं. ते दिलं नसतं तरी निकाल तोच लागला असता, असं माझं मत.

आता माझं दुखणं. आमचा एक क्लॅन होता, म्हणजे ऑनलाइन गेम एकत्र खेळणाऱ्यांचा गट. कुणाची परीक्षा असायची, कुणाच्या मांडीवर तान्हं बाळ, पण रात्रीची रेड, म्हणजे सगळ्यांनी मिळून करायची चढाई, चुकायची नाही. म्होरक्याला आम्ही कॅप्टन म्हणायचो. सरकारचं नाव काढलं की हा पेटायचा. लूट बॉक्सवर, म्हणजे आत काय निघेल ते न कळता गेममध्ये पैसे देऊन घ्यायच्या पेट्यांवर, बंधनं आणायची चर्चा सुरू झाली, तेव्हा त्याने कंपन्यांच्या संघटनेचं एक तयार पत्र ग्रुपवर टाकलं आणि फर्मान सोडलं, खाली आपापलं नाव घालून पाठवा. मी ते वाचलं. त्यात रोजगार होता, कलेचं स्वातंत्र्य होतं, उद्योगाची वाढ होती. पैसे भरून खेळणाऱ्या माणसाबद्दल एक ओळ नव्हती. मी पाठवलं नाही. तेव्हापासून क्लॅनमध्ये मी ‘सरकारवाली’.

पुढे आमचा क्लॅन खेळायचा त्या गेमचे सर्व्हर, म्हणजे तो चालवणारे कंपनीचे संगणक, बंद होणार अशी मेल आली. विकत घेतलेल्या स्किन (पात्रांचे पोशाख), नकाशे, सगळं जाणार. आम्ही कंपनीला लिहिलं, तुम्ही बंद करा, पण आमचा सर्व्हर आम्हाला चालवता येईल एवढी तरी सोय ठेवा. उत्तर आलं: तुम्ही गेम घेतलाच नव्हता, खेळायचा परवाना घेतला होता आणि तो अटींनुसार संपला. मी कॅप्टनला म्हटलं, ज्यांच्यासाठी पत्रं पाठवायला लावलीस त्यांना सांग की आता. त्याने खरंच लिहिलं. काही उत्तर नाही. येणार कसं? त्या संघटनेच्या सभासद कंपन्या, आपण त्यांचं गिऱ्हाईक. यावरही कॅप्टनचं पालुपद ठरलेलं, ‘तोटा होत असेल तर कंपनीने काय करायचं?’ अरे, कर ना बंद. पण पैसे घेताना सांग की हे कधीही बंद होऊ शकतं.

युबिसॉफ्ट कंपनीचा ‘द क्रू’ हा गेम २०२४ मध्ये असाच गेला. त्यावरून रॉस स्कॉट या यूट्यूबरने ‘स्टॉप किलिंग गेम्स’ ही मोहीम सुरू केली, विकलेला गेम कंपनीने हात काढल्यावरही खेळता यावा म्हणून, आणि जुलै २०२५ मध्ये युरोपातल्या नागरिक-याचिकेने १० लाख सह्यांचा टप्पा ओलांडला. ही माणसं कायदा नको म्हणत नाहीत, कायदा मागताहेत. आणि त्यांच्या मागणीला विरोध कुणाचा? ‘व्हिडिओ गेम्स युरोप’चा, म्हणजे परत कंपन्यांच्याच संघटनेचा. ऑस्ट्रेलियातही पूर्वी गेमसाठी प्रौढांची वर्गवारी नव्हती, त्यामुळे १५ वर्षांवरच्यांच्या वर्गात न बसणारा गेम तिथे विकताच यायचा नाही. सरकारने मतं मागवली तेव्हा ५८,००० हून जास्त लोकांनी लिहून पाठवलं, बहुतेकांनी नवी वर्गवारी मागितली. ती १ जानेवारी २०१३ पासून लागू झाली. आणि २०११ मध्ये हरलेल्या त्याच कॅलिफोर्नियात २०२५ पासून विक्रेत्याला सांगावं लागतं की तुम्ही डिजिटल गेमचा फक्त परवाना घेताय. आम्हाला मेल आली तेव्हा एवढं जरी असतं तरी निम्मा वाद मिटला असता.

तेव्हा संघटना जरूर काढा, पण कंपन्यांचा पैसा शिवू नका. अमेरिकेत ‘व्हिडिओ गेम व्होटर्स नेटवर्क’ होतं. नाव मतदार खेळाडूंचं, आणि उभं केलेलं ईएसए या कंपन्यांच्या संघटनेने. आणि कुणी तयार पत्र पुढे केलं तर आधी त्यात ‘खेळाडू’ कुठे आहे ते शोधा.

सगळेच कायदे गुणाचे नसतात, हे सांगायचं राहिलं. दक्षिण कोरियाने २०११ मध्ये १६ वर्षांखालच्यांना मध्यरात्रीपासून सकाळी ६ पर्यंत ऑनलाइन गेम बंद केले. मुलं आईबापाच्या नावाने लॉगिन करायला लागली, आणि २०२२ उजाडताना तो कायदा गेला. चीनमध्ये तर २०२१ पासून १८ वर्षांखालच्यांना शुक्रवार, शनिवार, रविवार आणि सुट्टीच्या दिवशी एकच तास, रात्री ८ ते ९. असल्या कायद्यांना विरोध करायलाच हवा. त्यासाठी कॅप्टनने पत्र आणलं असतं तर मीही नाव घातलं असतं. लूट बॉक्ससाठी मात्र आजही घालणार नाही.