एक बैल, दोन ऑक्सन

पोरीनं पोळ्यावर इंग्रजीत निबंध लिहिला. ‘टू ऑक्सेस’ होतं, बाईंनी खोडून ‘ऑक्सन’ केलं. मंग ‘फॉक्सेस’ कायले चालते? (एक पालक, आर्णी)

बाईंचं बरोबर आहे, भाऊ. हजारेक वर्षांपूर्वीच्या इंग्रजीत अनेकवचनाच्या बऱ्याच तऱ्हा होत्या. ‘फॉक्स’ तेव्हापासूनच ‘स’ लावणाऱ्यांतला, ‘ऑक्स’ ‘न’ लावणाऱ्यांतला. ‘शू’चं अनेकवचनही एकेकाळी ‘शून’ व्हायचं. पुढे ‘स’नं बहुतेकांना ओढून नेलं, बैल मात्र जागचा हलला नाही. ‘चिल्ड्रन’ला तर दोनदा प्रत्यय लागलाय: आधी ‘र’चा, तो लोकांना कळेनासा झाला तेव्हा वरून ‘न’चा. आपलं बरं, एक बैल, दोन बैल. इंग्रजीत ती सोय ‘शीप’ला आहे.

‘द राइस आर कुक्ड’ लिहिलं तर गुण कापले. पण तांदूळ तर पुष्कळ असतात ना, सर? (आठवीतली विद्यार्थिनी, तिरोडा)

धानाच्या मुलखातली पोर हेच विचारणार! बेटा, तू मराठीतून गेलीस. आपण ‘तांदूळ निवडले’, ‘गहू दळून आणले’ म्हणतो. पण तेच तांदूळ शिजले की ‘भात झाला’. आणि तूर? दाणे तिलाही आहेत, तरी ‘तूर विकली’. म्हणजे मोजायचं काय नि ढिगानं धरायचं काय, हे दाणा ठरवत नाही, भाषा ठरवते. इंग्रजीनं ‘राइस’, ‘व्हीट’, ‘कॉटन’ ढिगात टाकले, म्हणून ‘इज’. मोजायचंच तर ‘ग्रेन्स’ मोज, कापसाच्या ‘बेल्स’ मोज. मात्र ‘ओट्स’ला ‘आर’, तिथं माझाही इलाज नाही.

वाटाण्याची गोष्ट तर ऐकच. ‘पीज’ हा मुळात एकवचनी शब्द. शेवटचा ‘ज’ लोकांना अनेकवचनाचा वाटला, त्यांनी तो काढला आणि 17व्या शतकात ‘पी’ हा नवाच दाणा सोलून निघाला.

दुकानात मी ‘एक लेडीज येऊन गेली’ म्हणतो. कॉलेजातला मुलगा हसतो. (शिवणकाम करणारे वाचक, मेहकर)

हसू द्या. इंग्रजीत एक ‘लेडी’, अनेक ‘लेडीज’. पण तुम्ही मराठी बोलताय, आणि मराठीत ‘लेडीज’ एकटीही येते. पाटीवर ‘लेडीज टेलर’ आहे ना? राहू द्या.

गाय विकली, कागदावर ‘वन कॅटल’ लिहिलं. चाललं का? (एक शेतकरी, दर्यापूर)

नाही. ‘कॅटल’ म्हणजे गुरं, त्याला एकवचनच नाही. ‘वन काउ’ लिहा. बैल असता तर ‘बुलक’, वळू असता तर ‘बुल’.