चिकलठाण्याहून लंडन, प्रायव्हेट जेटनं एका दमात?
दादा, चिकलठाण्यावरून (छत्रपती संभाजीनगरचं विमानतळ) लंडन नॉनस्टॉप जमतंय का विचारलंत, तर जेट कोणतं त्यावर आहे. अंतर साधारण 7,300 किमी, गल्फस्ट्रीम जी650ईआर आरामात काढतं पण मिडसाइज म्हणजे मध्यम आकाराच्या जेटला बाकू-इस्तंबूलकडं कुठंतरी उतरावंच लागतं, त्यात एप्रिल 2025 मध्ये पाकिस्ताननं हवाई हद्द बंद केली तेव्हापासून भारतीय विमानांना अरबी समुद्रावरून वळसा. आणि आपला मे महिना! 42 डिग्रीत हवा विरळ, जास्त वजन घेऊन टेकऑफ होत नाही म्हणून टाकी फुल्ल करता येत नाही अन् पुढं एक स्टॉप वाढतो, त्यापेक्षा पहाटे निघालेलं बरं. लंडनला धुकं असलं तर दुसऱ्या विमानतळापर्यंतचं आणि वर 30 मिनिटं घिरट्यांचं इंधन वेगळंच धरतात. थांबा निवडताना निव्वळ एटीएफचा (विमानाच्या इंधनाचा) भाव बघू नका, रात्री विमानतळ चालू असतंय का ते आधी विचारा.