ग्रहण पाळलं नाही, आता बाळाला काही होईल का?

ग्रहण होऊन गेलं की पुढचे पंधरा दिवस माझ्याकडे हाच प्रश्न येतो. मॅडम, मी भाजी चिरली, मी झोपले, बाळाला काही होणार नाही ना? 7 सप्टेंबर 2025 ला भाद्रपद पौर्णिमेचं खग्रास चंद्रग्रहण झालं आणि त्याच आठवड्यात पाचवा महिना लागलेली एक मुलगी सासूबाईंबरोबर आली. वेधात तिनं सफरचंद कापून खाल्लं होतं. तेव्हापासून हिला झोप नाही आणि सासूबाई धड बोलत नाहीत.

आधी मी माहितीच दिली. ग्रहणात चिरलं की बाळाचा ओठ दुभंगतो म्हणतात, पण वरचा ओठ सातव्या आठवड्यापर्यंत जुळून झालेला असतो, तुझा तर पाचवा महिना, त्या सुरीनं आता काय दुभंगणार. तिला पटलं, पण रडू काही थांबेना.

तिसऱ्या भेटीत मी सासूबाईंकडे वळले. तुमच्या वेळी ग्रहण आलं होतं का हो?

"आलं होतं की, 97 साली, हीच भाद्रपदातली पौर्णिमा. हिचा नवरा पोटात होता. त्याच्या आधीचं राहिलं नव्हतं ना, म्हणून रात्रभर उताणी पडून होते, कूस बदलली नाही, पाण्याचा थेंब नाही. बाहेर दे दान सुटे गिराण चाललेलं आणि मी म्हणत होते, एवढा तरी राहू दे."

सून बघतच राहिली. मग हळूच म्हणाली, "आई, तेव्हा तुमच्याजवळ कोण होतं?"

"कोण असणार गं."

आणि त्या रडल्या, अठ्ठावीस वर्षांनी. मी गप्प बसले, तेवढं मला जमतं. माझं पक्कं मत आहे, अशी भीती एकटीची नसतेच, ती घरात आधीपासून राहत असते, सुनेच्या वाट्याला फक्त नियम येतात.

ग्रहण पाळायचं तर मनापासून पाळा, जप करा, दान द्या, पण पाणी, औषध, जेवण चुकवू नका, गर्भवतीला, आजारी माणसाला पंचांगातही वेधात सूट असते. चंद्रग्रहण साध्या डोळ्यांनी खुशाल बघा. आणि भाद्रपदातलं ग्रहण असेल तर पाऊस ओसरत आलेला असतो, गणपती गेलेले असतात, दुसऱ्या दिवसापासून पितृपक्ष. गेलेल्यांना आठवायचे दिवस. सासूबाईंचं ते पहिलं बाळ कुणी कधी आठवलंच नव्हतं.

सर्वपित्री अमावस्येला दोघींनी मिळून शिधा काढला, तांदूळ, गूळ, थोडं तूप. सफरचंदं सुनेनं ठेवली, सासूबाईंनीच सांगितलं म्हणे.