‘दुर्बोध’, पण कोणाला?

अमळनेरहून एका ताईंनी विचारलंय. त्यांच्या वाचनालयातल्या वाचक गटाने एक नवी कादंबरी वाचायला घेतली आणि त्याच आठवड्यात रविवारच्या पुरवणीत तिचा परिचय छापून आला. शेवटचं वाक्य होतं, ‘प्रयोगाच्या नादात कादंबरी दुर्बोध झाली आहे, मात्र भाषा ओघवती असल्याने वाचनीय.’ ते वाचून गटातल्या निम्म्या लोकांनी पुस्तक परत केलं. ताईंचे प्रश्न दोन : ‘दुर्बोध’ हा दोष सांगणारा शब्द आहे का? आणि ‘दुर्बोध’ म्हणजेच ‘क्लिष्ट’ का?

ताई, माझं उत्तर आधीच सांगून टाकतो : दोन्हींना नाही. पण पहिल्या ‘नाही’साठी जरा व्याकरणात शिरावं लागेल.

‘दुर्’ हा उपसर्ग मराठीत दोन कामं करतो. दुर्गंध, दुर्जन, दुर्गुण यांत तो ‘वाईट’ सांगतो. दुर्गम, दुर्लभ, दुस्तर यांत ‘कठीण’ सांगतो. दुर्गम किल्ला वाईट नसतो, चढायला अवघड असतो. ‘दुर्बोध’ हा या दुसऱ्या घरातला शब्द आहे : ज्याचा बोध होणं कठीण, ते. वाचताना मात्र आपल्या मनात शेजारच्या घरातला दुर्गंध मिसळतो. पुरवणीतल्या त्या वाक्यात ‘झाली आहे’ लावल्यामुळे तर तो जास्तच मिसळला. दूध नासतं तशी कादंबरी दुर्बोध ‘झाली’.

आता खरी गंमत. अशा शब्दांसाठी पाणिनीचं एक सूत्र आहे. सु, दुर् वगैरेंच्या जोडीने धातूला एक प्रत्यय लागतो आणि सोपेपणा किंवा कठीणपणा सांगतो. सुकर, दुष्कर हे शब्द असेच झाले. परंपरेने दिलं जाणारं उदाहरण आहे ‘दुष्करः कटो भवता’. म्हणजे चटई करणं कठीण, पण कोणाच्याने? ‘भवता’, तुमच्याने. उदाहरण देणाऱ्याने माणूस गाळलेला नाही! चटईत कठीणपणा भरलेला नसतो. तो चटई आणि विणणारा यांच्यामध्ये असतो. उद्या हात बसला की तीच चटई सुकर.

आपल्या रोजच्या बोलण्यातही हा माणूस शाबूत आहे. ‘मला हे पुस्तक समजलं नाही’, असं आपण म्हणतो. तुमच्याकडे अहिराणीत ‘माले हाई पुस्तक समजनं नही’ म्हणतील. दोन्हीकडे ‘मला’, ‘माले’ अगदी पुढे उभा आहे. ‘पुस्तक दुर्बोध आहे’ म्हटलं की तो गेला. अनुभव एका वाचकाचा होता, तो पुस्तकाचा गुणधर्म होऊन बसला.

हे मला नुसतं पुस्तकातून कळलेलं नाही. काही वर्षांपूर्वी मी एका दैनिकाच्या जिल्हा पुरवणीसाठी पुस्तक परिचय लिहायचो. जागा तीनशे शब्दांची, मुदत आठ दिवसांची. एका कादंबरीबद्दल लिहिलं होतं, ‘पहिली चाळीस पानं मला दोनदा वाचावी लागली. कोण बोलतंय ते परिच्छेद संपताना कळतं, आणि कळल्यावर मागचं सगळं वेगळं दिसायला लागतं.’ छापून आलं, ‘कादंबरी काहीशी दुर्बोध.’ जागेची ओढाताण मी समजू शकतो. पण ‘मला’ गेला, ‘दोनदा’ गेलं, आणि मागचं वेगळं दिसायला लागतं हे तर पारच गेलं. मी सांगत होतो कसं वाचावं. वाचकापर्यंत पोचलं की वाचू नका. त्याचा मला आजही त्रास होतो.

आपल्या खानदेशाने तरी या शब्दाबाबत सावध असायला हवं. मराठीत दुर्बोधतेचा सगळ्यात मोठा वाद ज्यांच्यावरून पेटला ते बा. सी. मर्ढेकर १९०९ साली फैजपूरला जन्मले. १९४७च्या ‘काही कविता’वर दुर्बोधता आणि अश्लीलता असे दोन आरोप झाले. अश्लीलतेच्या खटल्यातून ते सुटले. दुर्बोधतेला न्यायालय नव्हतं, त्यामुळे तो शिक्का राहिला. त्यांची ‘रात्रीचा दिवस’ ही १९४२ची कादंबरी संज्ञाप्रवाहाच्या पद्धतीने लिहिलेली आहे. म्हणजे मनात येईल तसं, तुटक, एकातून दुसरं. आज हीच पद्धत आपण कितीतरी लेखनात न अडखळता वाचतो. चटई तीच, हात बसला.

उलट्या बाजूने बहिणाबाई बघा. आसोद्याच्या त्या माउलीची कविता १९५२ साली छापली गेली. लेवा बोलीत वाढलेल्याला तिचे शब्द घरचे, पुण्यातल्या वाचकाला अर्थ विचारावा लागतो. मग ती दुर्बोध का सुबोध? ‘कोणाला?’ हे विचारल्याशिवाय उत्तरच देता येत नाही.

‘क्लिष्ट’चं तसं नाही. ज्या धातूपासून क्लेश, त्यापासूनच क्लिष्ट. मम्मटाच्या ‘काव्यप्रकाश’ या संस्कृत काव्यशास्त्राच्या जुन्या ग्रंथात तो काव्यदोषांच्या यादीतच आहे : साधा अर्थ असताना शब्दांची रचना अशी की तिथवर पोचायला विनाकारण फेरा पडावा. सरकारी परिपत्रक क्लिष्ट असतं. त्यात खोल काही नसतं, वाट तेवढी वाकडी. एखाद्या कादंबरीत शब्द रोजचे, वाक्यं छोटी, आणि तरी ती चटकन हाती लागत नाही, असं होऊ शकतं. ती दुर्बोध म्हणा, क्लिष्ट म्हणू नका. परीक्षणकार हे दोन शब्द अदलून-बदलून वापरतात आणि लेखकावर अन्याय होतो.

जाता जाता ‘वाचनीय’बद्दल. पूजनीय, वंदनीय, तसं वाचनीय : वाचण्याच्या योग्यतेचं. पुरवण्यांमध्ये त्याचा अर्थ आता ‘भरभर वाचून होणारं’ असा झालाय, म्हणून दुर्बोधपुढे ‘मात्र’ घालावा लागतो. मूळ अर्थ धरला तर तो ‘मात्र’ अनाठायी आहे. दुर्बोध आणि वाचनीय एका पुस्तकात सुखाने नांदतात.

तेव्हा ताई, परत आलेल्या प्रती पुन्हा वाटा आणि प्रत्येकाला एवढंच विचारा की कोणत्या पानावर अडलात. एकाच पानावर सगळे अडले असतील तर तिथे लेखकाचं काही चुकलंय का हे बघता येईल. वेगवेगळ्या पानांवर अडले असतील तर एकमेकांना सांगता येईल.

आणि मला एक हवंय. तुमच्या गटात जुनी अहिराणी बोलणारं कोणी असेल तर ‘समजणं’ आणि ‘उमजणं’ यांत ते फरक करतात का, एवढं विचारून कळवा.