काय गाळावं लागलं?

प्रश्न : जर्मन तत्त्वज्ञ नित्शेच्या विचारांचा नाझींनी वापर केला. त्याचा दोष नित्शेला द्यायचा का? माझा भाऊ म्हणतो, लेखक गेल्यावर लोकांनी जे केलं त्याचा हिशेब लेखकाकडे मागू नये. मला हे पटत नाही, पण उत्तरही सुचत नाही.

उत्तर : तुमचा भाऊ जे म्हणतो तेच मी कितीतरी वर्षं वर्गात शिकवत होते. नित्शे जानेवारी 1889मध्ये इटलीतल्या तुरिनला मानसिकदृष्ट्या कोसळला आणि 1900 साली मरेपर्यंत भानावर आला नाही. त्याचे कागद बहीण एलिझाबेथच्या ताब्यात गेले. तिचा नवरा कडवा ज्यूद्वेष्टा. पॅराग्वेत 'शुद्ध' जर्मनांची वसाहत वसवायला दोघं गेले होते. तिने भावाच्या पत्रांत फेरफार केले. त्याच्या टिपणांतून 'द विल टू पॉवर' हे पुस्तक 1901मध्ये निघालं आणि 1906मध्ये ते 1067 परिच्छेदांपर्यंत वाढलं. 1935 साली तिच्या अंत्यविधीला हिटलर स्वतः हजर होता. एवढं सांगितलं की वर्ग माझ्या बाजूने व्हायचा. सगळा दोष बहिणीचा.

मग एका वर्षी एका मुलीने उभं राहून नित्शेच्या 'अँटीख्रिस्ट' या पुस्तकाचा दुसरा परिच्छेद वाचला. दुर्बलांनी आणि बिघडलेल्यांनी नष्ट व्हावं, हे आपल्या मानवप्रेमाचं पहिलं तत्त्व. आणि त्यासाठी त्यांना मदतही करावी, असा त्याचा आशय आहे. हे बहिणीने घुसडलेलं नाही. कोसळण्याआधी, 1888मध्ये, नित्शेने स्वतः लिहिलेलं आहे. त्याचा रोख ख्रिस्ती करुणेवर होता, असं मी म्हणाले. ते खरंच आहे, पण त्याने त्या मुलीचं समाधान झालं नाही, आणि माझंही नाही.

तेव्हापासून मी एकच गोष्ट तपासते : या माणसाला आपला म्हणवून घेताना चळवळीला त्याच्यातलं काय गाळावं लागलं? नाझींना नित्शेतलं पुष्कळ गाळावं लागलं. ज्यूद्वेष्ट्यांची त्याला किळस होती, जर्मन राष्ट्राभिमानाची त्याने टर उडवली होती, बहिणीचं ते लग्न त्याला सहन झालं नव्हतं. या सगळ्यावर पांघरूण घातल्याशिवाय तो त्यांचा होत नव्हता, म्हणून छळछावण्या मी त्याच्या माथी मारणार नाही. पण तो परिच्छेद मात्र कात्री न लावता उचलता येत होता. तेवढ्याचा जाब त्यालाच विचारायचा, तो हयात असो वा नसो. अठराव्या शतकातला विचारवंत रूसो, त्याचंही तसंच. जो सामूहिक इच्छेला नकार देईल त्याला स्वतंत्र व्हायला भाग पाडलं जाईल, हे 1762मध्ये त्यानेच लिहिलं. फ्रेंच राज्यक्रांतीत दहशतीचं राज्य चालवणाऱ्या रोबेस्पिएरला त्यात काही बदलावं लागलं नाही.

विसाव्या शतकातला जर्मन तत्त्वज्ञ हायडेगर, त्याला मात्र या रांगेत बसवू नका. लोक बसवतात, आणि मला त्याचा राग येतो. त्याच्या विचारांचा कुणी गैरवापर केला म्हणून तो त्यात ओढला गेला नाही. फ्रायबुर्ग विद्यापीठाचा कुलगुरू असताना, मे 1933मध्ये, तो आपल्या पायांनी नाझी पक्षात गेला आणि 1945पर्यंत सभासद राहिला. त्यानंतर मरेपर्यंत बोलायला त्याच्याकडे 31 वर्षं होती. जाहीर माफी त्याने कधीच मागितली नाही.