'दॅन'नंतर गिळलेलं वाक्य

फोंड्याच्या ताई, तुम्ही लिहिलंय की कळंगुटच्या हॉटेलात पाहुण्याला 'धिस रूम इज मोर बिगर दॅन दॅट' म्हणालात, शेजारच्या सहकारी मुलीने हसून 'मोर' काढायला लावलं, पण का ते सांगितलं नाही. आणि क्रियाविशेषण वाक्यात कुठे घालायचं यावर तुमचं नेहमी अडतं.

'मोर'चं आधी उरकतो. मराठीत तुलनेसाठी विशेषणाला काही लावावं लागत नाही. खोली 'मोठी' असते आणि त्या खोलीपेक्षाही 'मोठी'च असते, सगळा भार 'पेक्षा'वर. इंग्रजीला 'दॅन' पुरत नाही, गुण सांगणाऱ्या शब्दावरही खूण लागते. आखूड शब्दाच्या शेवटी 'अर', लांबड्याच्या आधी 'मोर'. दोन्ही एकदम नाही. क्रियाविशेषणांचंही तसंच: फास्टर, हार्डर, अर्लिअर, पण मोर स्लोली, मोर केअरफुली. आणि 'बरीच मोठी' म्हणायचं तर 'व्हेरी बिगर' नव्हे, 'मच बिगर'.

आपली खरी फसगत होते ती 'दॅन'च्या पुढे. तिथे बहुतेक वेळा एक अख्खं वाक्य दडलेलं असतं, आधी येऊन गेलेले शब्द तेवढे गिळलेले. 'पणजीपेक्षा वाळपईत पाऊस जोरात पडतो' असं आपण सहज म्हणतो. पणजीला 'पेक्षा' चिकटला की 'पणजीत'मधला 'त' गळतो, कुणाला खटकत नाही. हीच सवय घेऊन आपण लिहितो, 'इट रेन्स मोर हेविली इन वाळपई दॅन पणजी'. मनात वाक्य पुरं करून बघा: 'दॅन इट रेन्स इन पणजी'. यातलं 'इट रेन्स' गिळायचं, 'इन' नाही. म्हणून 'दॅन इन पणजी'. बोलताना इंग्रजीवालेही इथे ढिले पडतात, पण हॉटेलच्या ईमेलमध्ये नीट लिहिलेलं बरं.

वाक्य पुरं करायची ही सवय आणखी एका ठिकाणी वाचवते. 'आय नो मारिया बेटर दॅन यू' याचे दोन अर्थ निघतात (मराठीतही 'मी मारियाला तुझ्यापेक्षा जास्त ओळखतो' तितकंच गोंधळाचं आहे). 'दॅन यू डू' म्हटलं की ओळखणारी तू; 'दॅन आय नो यू' म्हटलं की ओळखली जाणारी तू. 'दॅन आय' की 'दॅन मी' हा वाद तर जुनाच. पुढे बिशप झालेल्या रॉबर्ट लाउथने १७६२ सालच्या व्याकरणात 'दॅन'पुढचं दडलेलं क्रियापद बघून सर्वनाम ठरवा असं सांगितलं, तेव्हापासून मास्तर लोक 'दॅन आय'साठी हटून बसले. रोजच्या बोलण्यात 'दॅन मी' अगदी चालतं. 'दॅन आय डू' म्हणा, दोन्हीकडचे गप्प बसतील.

'मला वाटलं होतं त्यापेक्षा फेरीबोट उशिरा आली' हे मात्र आपण फार जड करून टाकतो. मराठीतल्या 'त्या'साठी काहीतरी हवंच असं वाटून 'दॅन व्हॉट आय एक्स्पेक्टेड' येतं. ते आपल्या देशात इतकं रुळलंय की मी आता त्यावर भांडत नाही. तरी 'लेटर दॅन आय एक्स्पेक्टेड' एवढंच पुरतं.

आता जागा. 'तो खूप छान इंग्लिश बोलतो' हे डोक्यात ठेवून 'ही स्पीक्स व्हेरी वेल इंग्लिश' होतं. क्रियापद आणि त्याचं कर्म यांच्यामध्ये क्रियाविशेषण घुसवू नका, ते शेवटी जातं: 'ही स्पीक्स इंग्लिश व्हेरी वेल'. ऑलवेज, युज्वली, ऑफन ही मंडळी मुख्य क्रियापदाच्या आधी बसतात, पण इज-आर-वॉज असेल तर नंतर: 'द बस ऑलवेज कम्स लेट', पण 'द बस इज ऑलवेज लेट'. पाहुण्यांना दुसरंच जास्त वेळा सांगावं लागेल तुम्हाला.